माहेरचं विरजण

एका गावात एक भोळा नवरा होता आणि त्याच्या शेजारी एक शहाणी बाई होती. गावाचं म्हणणं असं, की नुसता भोळा असता तर काही बिघडलं नसतं.

भोळ्याचं नाव सिदबा. शहाणीचं नाव कौसाकाकी. दोघांच्या परसांमध्ये एकच भिंत, छातीएवढी. काकीनं आपल्या बाजूनं भिंतीला एक दगड लावून ठेवला होता. कपडे वाळत घालायला बरा पडतो, असं ती सांगायची. कपडे ती पुढच्या अंगणात वाळत घालायची.

सिदबाची बायको हौसा. ती दही विकायची. दही कसं, तर मडकं उपडं केलं तरी खाली पडायचं नाही. बाजारच्या दिवशी तालुक्याला तिची मडकी पहिल्या चहाच्या आत संपायची. घर त्यावरच चालायचं. त्या दह्याचं विरजण तिच्या आईनं लग्नात पाठवणीच्या वेळी वाटीत घालून दिलं होतं. आईला तिच्या आईनं दिलेलं. घरातली म्हैस बदलली, गोठा बदलला, विरजण तेच राहिलं.

आणि ते हौसा कुणाला द्यायची नाही.

"माहेरचं विरजण हाय काकी. दुसऱ्या घरात गेलं की बरकत जाती."

काकीनं मागून बघितलं. बदल्यात लोणचं देऊन बघितलं. एकदा तर घरी पाहुणे आलेत असं खोटंच सांगून बघितलं. हौसा म्हणाली, "मग पाहुण्यास्नी हिकडंच धाडा की जेवायला." काकी घरी गेली आणि तिनं आपल्या पाणचट दह्याला दोन शिव्या घातल्या.

एक दिवस निरोप आला, की हौसाची आई न्हाणीत पाय घसरून पडली. हौसा निघाली. जाता जाता तिनं सिदबाच्या हातात मडकं दिलं.

"आवो, एवढं एक सांभाळा. रोज सांजचं कोमट दूध घ्यायचं, त्यात चमचाभर हे घालायचं. जितं असतं ते. मेलं तर आपलं घर बसलं, ध्यानात ठेवा."

"जितं?" सिदबानं मडक्यात वाकून बघितलं. "कुठं हलतंय?"

हौसानं भिंतीकडं बघितलं. भिंतीवर काकीचं डोकं होतंच.

"काकी, जरा लक्ष असू द्या."

"तू जा गं. मी हाय की," काकी म्हणाली. तिचं लक्ष नसेल अशी गावात एकच गोष्ट होती, ती म्हणजे तिचं स्वतःचं घर.

दुसऱ्या दिवशी हौसाचा फोन आला, तोही काकीलाच. आई अंथरुणात, बघायला कुणी नाही, त्यामुळं तिकडचं विरजण नासून गेलं होतं. आता जगात एवढंच मडकं उरलं. हौसाचा आवाज रडवेला होता. काकी म्हणाली, काळजी करू नको, मी शिबिर केलेली बाई आहे.

हे खरं होतं. काकी सातवी शिकलेली, आणि बचत गटाच्या बायकांना तालुक्याला सूक्ष्मजीवांचं एक दिवसाचं शिबिर झालं, त्याला ती पहिल्या रांगेत बसली होती. तिथल्या बाईंनी दह्याचा थेंब काचेवर घेऊन भिंगाखाली धरला आणि सगळ्यांना एकेक करून दाखवला. काकीला त्यात काळ्या काळ्या काड्या दिसल्या. "दिसले, दिसले, केवढे हो!" असं ती मोठ्यानं ओरडली. घरी आल्यावर तिला शंका आली, की त्या आपल्याच पापणीचे केस असावेत. पण तोवर गावभर सांगून झालं होतं.

तर काकी दगडावर चढली आणि तिनं सिदबाला शिकवलं.

"हे बघ. ह्या दह्यात लाखांनी जीव हायत. एकेक जीव म्हंजे एकच पेशी. डोळ्याला दिसत न्हाईत."

"तुम्हाला दिसलं?"

"मला दिसलं. गप ऐक. त्यांना ऊब लागती. झाकायचं, गुंडाळायचं, अजिबात हलवायचं न्हाई. ऊबेत ते वाढतात."

"हां. आत्ता कळलं," सिदबा म्हणाला.

आणि त्याला कळलंही होतं. त्यानं दूध कोमट केलं, विरजण घातलं, मडकं गोधडीत गुंडाळलं. सकाळी दही लागलं विटेसारखं. काकीला वाटलं, आपण मास्तरीण व्हायला पाहिजे होतं.

मग गवत कापताना सिदबाच्या पायाला विळा लागला. दिवसभर तो दिसला नाही म्हणून काकी दगडावर चढली. सिदबा ओसरीवर आडवा. पायावर चिंध्या, चिंध्यांवर पोतं, पोत्यावर गोधडी, गोधडीवर हौसाची शाल.

"काय रं झालं?"

"पायाला लागलंय. जखमेत जीव शिरत्यात म्हणं. म्हणून झाकलंय. अजिबात हलवला न्हाई काकी, सकाळधरनं."

काकीनं वळसा घालून येऊन गोधडी काढली. पाय दुधीभोपळ्याएवढा झाला होता.

"बघा," सिदबा म्हणाला, "वाढलं."

काकीनं त्याला दवाखान्यात नेऊन सुई टोचून आणली. येताना वाटेभर ती बोलत होती.

"अरं, असं करत्यात का कुणी? जखमेतलं जंतू वाईट. त्यांना वाढवायचं न्हाई, मारायचं."

"मग काय करायचं होतं?"

"पाणी उकळायचं. खळखळ उकळलं की एक जीव जिता राहत न्हाई. मग ते गार करायचं आणि त्यानं धुवायचं."

"हां. आत्ता कळलं."

पुढं काकीला बाजारला जायचं होतं. तिची कोंबडी खुडूक बसली होती, खाली टोपलीभर अंडी. जाताना काकी भिंतीवरनं म्हणाली, "सिदबा, कोंबडीकडं बघ रं. एकेका अंड्यात जीव हाय."

"सगळ्यात?" सिदबानं काळजीनं विचारलं.

"सगळ्यात!" काकी म्हणाली आणि गेली.

बाजारातनं ती आली तर परसात चूल पेटलेली. चुलीवर पातेलं, पातेल्यात अंडी. कोंबडी छपरावर, तिथनं सिदबाला नको नको ते बोलत होती.

"एक जीव जिता ठेवला न्हाई काकी," सिदबा म्हणाला. "आता गार करतो."

काकी खाली बसली. बसल्या बसल्या तिला आठवलं, की हे वाक्य आपलंच आहे. तिनं दुसऱ्याच्या नावानं शंख करायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"अरं बाबा, तो जीव आपला. त्यातनं पिल्लू व्हायचं. आधी एकच पेशी असती. एकाच्या दोन होत्यात, दोनाच्या चार, चाराच्या आठ, असं करत चोच, पंख, पाय, सगळं होतं."

"मग काय करायचं होतं?"

"काही करायचं न्हाई! कोंबडी काय करती? वर बसती. अंगाची ऊब देती. बास."

"हां. आत्ता कळलं."

त्या दुपारी भिंतीपलीकडं फारच शांत होतं. काकी भाकरी थापत होती. अर्धी थापून तिनं हात झटकले आणि दगडावर चढली. सिदबा परसात उकिडवा बसला होता. धोतर पसरून, मान ताठ करून, डोळे अर्धे मिटून.

"कशावर बसलायस?"

"हळू बोला. विरजणावर."

"सिदबा! ऊठ!"

तो दचकून उठायला गेला आणि पुन्हा खाली बसला. सिदबा अंगानं भरलेला. मडकं म्हणालं कट्.

काकीनं ती भिंत कशी ओलांडली, हे तिला नंतर सांगता आलं नाही. खापरांमधनं तिनं बोटांनी निपटून निपटून वाटीभर दही काढलं आणि दुसऱ्या मडक्यात घातलं. जगातलं शेवटचं विरजण एवढंच, आणि मालकीण परगावी. त्यातला एक चमचा पदराआड गेला असता तर हौसाला कधी कळलं नसतं. पण सिदबा एकटक तिच्या हाताकडं बघत होता, शिकायला मिळतंय म्हणून.

"अरं," ती दमून म्हणाली, "सगळं जीव सारखं नसत्यात. ह्यांना अंगाखाली घ्यायचं नसतं. ह्यांना पोटाला लागतं. दूध म्हंजे त्यांचं जेवण. दुधातली साखर खात्यात, त्यातनं त्यांना ताकद येती, आणि खाऊन जे टाकत्यात ते आंबट. म्हणून दही आंबट."

सिदबा विचारात पडला. "आणि माणसाला ताकद?"

"जेवणातनंच."

"आणि जेवणाला?"

काकी खुलली. शिबिरात नेमका हाच प्रश्न कुणी विचारला नव्हता आणि तिला उत्तर येत होतं.

"उन्हातनं! झाड कधी चूल पेटवतं का? ते उन्हात उभं राहतं. पाय ओल्यात, पानं हिरवी. त्या हिरव्यातच सगळी करामत. हवा, पाणी आणि ऊन, एवढ्यावर झाड आपलं जेवण आपण बनवतं."

"हां," सिदबा म्हणाला. हौसा गेल्यापासनं तो स्वतःच्या हातच्या करपलेल्या भाकरी खात होता. "आत्ता कळलं."

दुसऱ्या दिवशी गावात हसण्याचा गलका झाला. काकी धावली. सिदबा गवताच्या वाफ्यात उभा. घोट्याएवढ्या चिखलात पाय, दोन्ही हात पसरलेले, अंगावर हौसाचं हिरवं लुगडं. बांधावर निम्मं गाव.

"सिदबा! काय हे?"

"जेवतोय," सिदबा म्हणाला.

"कवाधरनं?"

"सकाळधरनं. अजून पोट भरलं न्हाई. ढग येत्यात मधी."

बांधावरनं कुणीतरी ओरडलं, "काकी, वाढा की त्याला अजून थोडं ऊन!" हे वाक्य पुढं पुष्कळ दिवस काकीच्या मागं मागं फिरलं. ती दुकानात गेली की दुकानदार विचारायचा, काय देऊ, तेल का ऊन?

काकीनं त्याला हाताला धरून घरी आणलं, पिठलंभात वाढला आणि समोर बसली. "अरं माझ्या राजा, आपल्या अंगात ते हिरवं न्हाई."

"म्हणून तर लुगडं नेसलं."

"नेसून भागत न्हाई. आपल्याला अन्न शोधत जायला लागतं. एका जागी खाणारं वाढलं आणि अन्न संपलं, की उपाशी मरायची पाळी. तुझ्या विरजणाचं काय असतं? दूध संपतं, आंबट वाढतं, आणि त्यांचा जीव गुदमरतो. म्हणून रोज ताज्या दुधात न्यायचं."

सिदबाचा घास हातात राहिला. "म्हंजे त्या वाटीभर दह्यात लाखभर जीव उपाशी?"

"तसंच की."

"हां," सिदबा म्हणाला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "आत्ता कळलं."

काकीलाही भरून आलं. तिला वाटलं, शेवटी शिकला.

सकाळी गावच्या डेअरीवर दुधाचं फॅट मोजायचं मशीन बंद पडलं. सचिव म्हणाला, दुरुस्तीवाला येतोय. आमच्या लोकांची रीत अशी, की माणूस रांगेत थांबत नाही, किटली थांबते. सगळ्यांनी आपापली दुधाची किटली कट्ट्यावर नंबराला लावली आणि जो तो घरी गेला. काकीचीही किटली त्यात होती. सिदबाची सगळ्यात शेवटी.

"सिदबा, तू बस रं हितं. किटल्यांकडं बघ," सचिव म्हणाला आणि फोन कानाला लावून निघून गेला.

सिदबा बघत बसला. धारोष्ण दूध, कोमट, एवढाली रांग. आणि घरी एका मडक्यात लाखभर उपाशी.

तो उठला, घरनं मडकं घेऊन आला आणि एकेका किटलीत एकेक चमचा घालत गेला. सगळ्यांना सारखी वाटणी. कुणाला कमी पडलं असं वाटलं की अर्धा चमचा वर. मडकं पुसून घेतलं, एकही जीव मागं ठेवला नाही. शेवटचा चमचा स्वतःच्या किटलीत. मग झाकणं लावली, डेअरीतली पोती आणून पांघरली आणि शेजारी बसला. मधनं एकजण आपली किटली सरकवायला आला, तर सिदबानं त्याला हटकलं. "हलवू नका. जेवायला बसल्यात."

दुरुस्तीवाला आला तोवर दुपार कलली होती. सचिवानं पहिल्या किटलीचं झाकण काढलं, माप आत घातलं. माप बुडेना. दुसरी उघडली. तिसरी उघडली. शेवटी त्यानं एक किटली तिरकी केली आणि तशीच धरून राहिला.

"सिदबा, दुधात काय घातलंस?"

"दुधात काय न्हाई घातलं. त्यांस्नी दूध घातलं."

"कुणाला?"

"काकीस्नी विचारा. त्यांनी बघितल्यात."

सगळा गाव काकीकडं वळला. गावाचं सकाळचं सगळं दूध मातीमोल झालं होतं, आणि काकीला जमिनीत शिरावंसं वाटत होतं. खरं सांगायचं तर त्यातही तिची एक नजर आपल्या किटलीत गेली. आत हौसाच्या माहेरचं दही, जाडजूड, थरथरत. इतकी वर्षं मागून न मिळालेलं, कड्यापर्यंत भरून.

"आता ह्या एवढ्या दह्याचं करायचं काय, ते तरी सांगा," एक बाई म्हणाली. बाकीच्या पुढं सरकल्या.

काकीला आजवर गावानं कधी काही विचारलं नव्हतं. तीच न विचारता सांगायची. आता सगळा गाव तिच्या तोंडाकडं बघत होता. ती ताठ झाली.

"कढी करा," ती म्हणाली. "आणि नुसती गरम न्हाई करायची. ह्याचं शेणामुताचं हात लागल्यात त्याला. खळखळ उकळा. एक जीव जिता राहता कामा नये!" मग ती सिदबाकडं वळली. "आणि तू! आता कशालाबी हात लावायचा न्हाई. कळलं?"

"हां. आत्ता कळलं." सिदबानं दोन्ही हात वर केले.

ऊन उतरायला लागलं आणि गावभर फोडणीचा वास सुटला. काकीनंही आपली अख्खी किटली पातेल्यात ओतली, हिंग, मिरची, कढीपत्ता, आणि ढवळत उभी राहिली. कढीला उकळी फुटली. तेवढ्यात एसटी आली. काकी सवयीनं दगडावर चढली. हौसा पिशवी घेऊन येत होती, चालता चालता आपल्या घराकडं बघून हसत होती.

काकीच्या हातात पळी होती. तिनं पळीकडं बघितलं, मग पातेल्याकडं: हौसाचं जगातलं शेवटचं विरजण खळखळ उकळत होतं.

ती मागच्या दारानं पळाली. पहिलं घर, कढी. दुसरं घर, कढी. तिसऱ्या घरात बाई मोठ्या अभिमानानं म्हणाली, "काकी, दोनदा उकळली, एक जीव ठेवला न्हाई." आपल्या शब्दाला गावात एवढी किंमत आहे, हे काकीला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. रोज सगळे हसायचे. नेमकं आज सगळ्यांनी ऐकलं होतं.

ती घरी आली. डोकं बधिर झालेलं. लाख होते, लाखांतला एखादा तरी वाचला असेल, असं तिच्या मनानं घेतलं. तिनं घाईघाईनं दूध कोमट केलं, मडक्यात ओतलं, त्यात चमचाभर कढी घातली, मडकं पोटाशी धरून वर पदर घेतला आणि दगडावर बसली. अजिबात हलली नाही.

भिंतीवर हौसाचं डोकं आलं. डोळे लाल, हातात रिकामी वाटी.

"काकी, माझं मडकं पुसून ठेवलंय. गावभर वाटलं म्हणं. जाईल तितं कढी. तुमच्याकडं असंल तर एक चमचा द्या. आईला काय तोंड दाखवू?"

"लागतंय, लागतंय," काकी पुटपुटली. "बोलू नको. हलंल."

तेवढ्यात सिदबा आला. हात अजून वर.

"हे काय? हात का वर केल्यात?" हौसानं विचारलं.

"कशाला हात लावायचा न्हाई म्हणाल्यात काकी. दुपारधरनं नाकबी खाजवलं न्हाई."

"आणि आपली किटली?"

"तितंच हाय कट्ट्यावर. सगळ्यांनी आपापली नेली. मी कशी नेऊ? हात लावायचा न्हाई."

हौसा पुढचं ऐकायला थांबली नाही. ती डेअरीकडं पळाली ती तशीच, वाटी हातात. परत आली तेव्हा किटली डोक्यावर होती. परसात येऊन तिनं झाकण काढलं, श्वास रोखला आणि किटली उपडी केली.

काही पडलं नाही.

हौसा मटकन खाली बसली. आधी रडली, मग हसली, मग दोन्ही करायला लागली. तिनं डोळे पुसले, वाटीत चांगलं चार बोटं दही घेतलं आणि भिंतीवरनं पुढं केलं.

"धरा काकी. माझ्या माहेरचं. आता कसली बरकत राखायची? गावच्या सगळ्या चुली फिरून आलंय ते."

काकीला वाटीकडं बघवेना आणि वाटीवरनं नजरही काढवेना. हात मोकळे नव्हते.

"अवो घ्या की. पदराखाली काय एवढं धरून बसलाय?"

"विरजण लावलंय," काकी बारीक आवाजात म्हणाली.

"कशाचं?"

काकीनं पदर बाजूला केला. दूध पिवळं झालं होतं. वर मोहरी तरंगत होती, आणि कडेला कढीपत्त्याचं एक पान, हिरवंगार.

सिदबानं हात तसेच वर ठेवून भिंतीवरनं मान लांब केली आणि बराच वेळ निरखून बघितलं.

"काकी," तो हळूच म्हणाला, "एक वाचलाय. मला दिसला."